नाना पेठेतील मीटरवाले काका आणि राजदूत ३५० चा आरपीएम मीटर

जुन्या मोटारसायकलचा आरपीएम मीटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेते हे दाखवणारा मीटर, दुरुस्त करून देणारा माणूस पुण्यात आता शोधावा लागतो. मला तो नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांच्या मागच्या बोळात सापडला. ज्यांच्याकडे केबलवर चालणारा मीटर असलेली गाडी आहे, त्यांना या कामाचा आणि या दुकानाचा उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. दुकानावर पाटी नाही. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कोणत्याही दुकानात ‘मीटरवाले काका’ म्हणून विचारले की लोक हात करून दाखवतात.

माझी गाडी राजदूत ३५० आहे. यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून आपल्याकडे बनवलेली, ३४७ सीसीची, दोन सिलिंडरची आणि सहा गिअरची ही टू-स्ट्रोक गाडी वडिलांनी घेतली होती आणि त्यांच्यानंतर ती माझ्याकडे आली. हँडलवर शेजारी शेजारी दोन गोल मीटर आहेत, त्यांपैकी उजवीकडचा आरपीएमचा. या गाडीत तो शोभेपुरता नाही. टू-स्ट्रोक इंजिनाची ताकद फेऱ्यांच्या एका ठरावीक पट्ट्यात एकवटलेली असते, आणि पुण्याजवळचा दिवे घाट चढताना गिअर कधी टाकायचा हे कान जितके सांगतात तितकेच तो काटाही सांगतो. शिवाय कार्बोरेटर जुळवताना, आयडलिंग बसवताना, इंजिनाचे काम झाल्यावर गाडी हळूहळू मोकळी करताना विश्वासाचा आकडा समोर लागतोच.

गेल्या पावसाळ्यानंतर हा मीटर बिघडला. आधी काटा थरथरू लागला. मग थरथर कमी झाली, पण काटा वरचे आकडे दाखवू लागला. साध्या चालीत, जिथे पूर्वी तीन हजारांच्या आसपास असायचा, तिथे तो चार हजारांवर जाऊन बसू लागला, आणि इंजिन बंद केल्यावर शून्यावर न येता दीड-दोन हजारांवर तसाच अडकून राहू लागला. काचेच्या आतल्या बाजूला तेलकट धुके दिसत होते. शहरातल्याच दुसऱ्या एका ठिकाणी मी मीटर दाखवला. त्यांनी तो उघडून पुसला, आत वंगण सोडले आणि पैसे घेऊन परत दिला. पंधरा दिवस बरे गेले आणि नंतर सगळे पहिल्यासारखे झाले, किंबहुना काटा अधिकच वर दाखवू लागला. पुन्हा गेलो तेव्हा ‘मीटर संपला, आता दुसरा बघा’ असे उत्तर मिळाले. दुसरा मीटर मिळत नाही असे नाही. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी नशिबाने एखादा हाती लागतो आणि हुबेहूब दिसणारे नवे मीटरही विकले जातात. परंतु वडिलांच्या हातचा मीटर टाकून द्यायला मन तयार होत नव्हते.

मीटरवाल्या काकांकडे मी फक्त मीटर पिशवीत घालून घेऊन गेलो होतो. त्यांनी तो हातात घेतला, उजेडाकडे धरून काच पाहिली, मागच्या भोकात करंगळीचे टोक घालून बाहेर काढले आणि बोटावरचे तेल मला दाखवले. “साहेब, हे मीटरचं तेल नाही, हे गिअर ऑइल आहे. आजार खाली आहे, तुम्ही डोकं घेऊन आलात. गाडी आणा.” या दुकानाबद्दल मला जे सांगायचे आहे ते बरेचसे या एका वाक्यात आहे. ते मीटर दुरुस्त करतात, पण मीटर उघडण्याआधी मीटरपर्यंत फेरे कुठून आणि कसे येतात हे पाहतात.

ही रचना समजली की त्यांच्या कामाची पद्धतही समजते. इंजिनाच्या केसमधून एक छोटा गिअर फेरे घेतो. त्याच्या शाफ्टच्या चौकोनी खाचेत केबलच्या आतल्या तारेचे, म्हणजे इनरचे, चौकोनी टोक बसते. इनर आउटरच्या, म्हणजे बाहेरच्या नळीच्या, आत फिरत वर मीटरपर्यंत जाते आणि तिथे एक लोहचुंबक फिरवते. चुंबक आणि काटा यांची एकमेकांशी कुठेही जोडणी नाही. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक पातळ वाटी आहे, काटा त्या वाटीच्या दांड्यावर बसतो, आणि चुंबक फिरू लागला की वाटीत भोवरी प्रवाह (धातूत गोल गोल फिरणारे विजेचे प्रवाह) निर्माण होऊन ती चुंबकाच्या मागे ओढली जाते. घड्याळात असते तशी एक बालकमानी तिला मागे खेचून धरते. फेरे जितके जास्त तितकी ओढ जास्त, आणि ओढ व कमानीचा ताण जिथे समान होतात तिथे काटा थांबतो. ओटो शुल्त्से यांनी १९०२ साली याच तत्त्वावर वेगमापकाचे पेटंट घेतले होते, आणि पुढे अनेक दशके जगभरातल्या गाड्यांचे मीटर याच वाटी-चुंबकावर चालले.

आता या वाटी आणि चुंबकाच्या मधल्या बारीक फटीत तेल शिरले तर काय होईल? तेलाचा चिकटपणा वाटीला चुंबकाबरोबर ओढू लागतो. भोवरी प्रवाहाच्या ओढीत ही दुसरी ओढ मिसळते आणि काटा खऱ्यापेक्षा वर जातो. इंजिन बंद झाल्यावर कमानी वाटीला मागे आणू पाहते, तेव्हा तेच तेल तिला धरून ठेवते. म्हणजे वर दाखवणे आणि अडकून राहणे ही माझ्या मीटरची दोन्ही लक्षणे एकाच कारणाची होती. ते कारण शोधायला गाडीची खालची बाजू पाहणे भाग होते.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेलो. काकांनी प्रथम केबलचा वरचा नट सोडला, मला इंजिन चालू ठेवायला सांगितले आणि मोकळ्या टोकातून फिरणारी इनर पाहिली. ती अडखळत नव्हती, म्हणजे खालचा गिअर आणि चौकोनी खाच शाबूत होते. (काटा अजिबात हलत नसेल तर पहिली परीक्षा हीच, असे त्यांनी सांगितले. इनर फिरत नसेल तर ती तुटली असेल, तिचे चौकोनी टोक गोल झाले असेल किंवा गिअरचे दात गेले असतील. मीटरला हात लावायचे कारणच नाही.) मग त्यांनी केबल पूर्ण काढून इनर बाहेर ओढली. वीतभर नव्हे, ती अख्खी तेलाने निथळत होती. तिच्यावरची तार मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते, आणि फिरताना खालचे तेल त्या पिळावरून वर वर चढत जाते. हे तेल मुळात केबलमध्ये येऊच नये म्हणून केसच्या तोंडाशी शाफ्टभोवती एक लहान ऑइल सील असते. माझे सील दगडासारखे कडक झाले होते आणि त्याची आतली कड झिजून गेली होती. आधीच्या दुरुस्तीत मीटर साफ झाला, पण सील तसेच राहिले. पंधरा दिवसांत तेल पुन्हा वर पोहोचले, यात आश्चर्य काहीच नव्हते.

सील मिळवण्यासाठी त्यांनी मला लांब पाठवले नाही. जुने सील काढून, त्याची बाहेरची, आतली आणि जाडीची मापे व्हर्नियरवर घेऊन, समोरच्या दुकानातून त्याच मापाचे आणले. जुन्या गाडीसाठी पार्ट नंबर शोधत बसण्यापेक्षा माप घेऊन जाणे केव्हाही सोपे, हा त्यांचा सल्ला मी पुढेही पाळणार आहे. केबलची इनर त्यांनी पुसून कोरडी केली, टेबलावरच्या काचेवर ठेवून तळहाताने पुढे मागे लोळवली आणि कुठे उसळते का ते पाहिले. एका जागी ती उसळली. तिथे कधीतरी मोड बसला होता, आणि सुरुवातीच्या थरथरीचे मूळ बहुधा तेच असावे, कारण मोड बसलेली इनर एका फेऱ्यात कधी अडते, कधी झटका देऊन सुटते. त्यांनी नवी केबल घेण्यास सांगितले. तिलाही हलके ग्रीस लावले ते फक्त खालच्या दोन तृतीयांश भागाला. वरचा भाग कोरडाच ठेवला, कारण फिरता फिरता ग्रीसही वर सरकते आणि शेवटी मीटरमध्येच जाते. बसवताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल कुठे ताणते किंवा तीव्र वळण घेते का तेही तपासले.

मीटर उघडण्याचे काम मी त्यांच्या परवानगीने शेजारी स्टुलावर बसून पाहिले. या मीटरची पुढची रिंग दाबून बंद केलेली असते, तिला स्क्रू नसतात. काकांनी रिंगची मागची कड बोथट केलेल्या छोट्या पेचकसाने इतकी थोडी थोडी उचलली की एक पूर्ण फेरी झाली तरी डोळ्याला फरक दिसेना. तीन फेऱ्यांनंतर रिंग सुटली. कुठेही घाईचा एकही झटका नाही. आधीच्या दुरुस्तीत हीच कड पक्कडीने दाबल्याचे दात त्यांनी मला बोटाने चाचपून दाखवले.

काटा काढण्यापूर्वी त्यांनी जे केले ते या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. शून्याशी एक बारीक खुंटी असते आणि काटा तिला टेकून थांबतो. पण ती त्याची खरी विसाव्याची जागा नव्हे, कमानीने त्याला खुंटीवर थोडे दाबून धरलेले असते. काकांनी काटा अलगद उचलून खुंटीपलीकडे नेला आणि सोडला. तो जिथे स्वतःहून थांबला, तिथे डायलच्या कडेला पेन्सिलीने ठिपका केला. मग म्हणाले, “हा बघा, खुंटीच्या जवळजवळ वरच थांबतोय. म्हणजे आधी कोणीतरी काढून शून्यावर चिकटवलाय. कमानीला ताणच नाही, मग आकडे वर जाणारच.” तेल हे एक कारण होतेच, दुसरे कारण दुरुस्तीतच तयार झाले होते. दुसऱ्या वेळी मीटर आणखी वर का दाखवू लागला, याचा उलगडा मला त्या क्षणी झाला.

डायलवर कागद ठेवून, घड्याळजी वापरतात तशा दोन चपट्या तरफांनी त्यांनी काटा उचलला. वाटी आणि चुंबक आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतले. पेट्रोल त्यांनी मुद्दाम टाळले, कारण ते डायलच्या रंगावर गेले तर छपाई उठते. चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा बारीक कीस कापडाने निघत नाही, तो त्यांनी चिकटपट्टी दाबून दाबून उचलला आणि प्रत्येक वेळी पट्टी भिंगाखाली पाहिली. पाचव्या पट्टीवर काही उरले नाही तेव्हा थांबले. चुंबकाच्या खालच्या बुशात घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढा एकच थेंब दिला. बाकी मीटरमध्ये वंगण कुठेही नाही.

यानंतर मीटरचा आकडा खरा आहे की नाही हे तपासायची त्यांची सोय पाहून मला फार आनंद झाला. शिलाई मशीनची मोटर, तिला पायाचे पेडल, मोटरच्या शाफ्टवर काळ्या पुठ्ठ्याची चकती आणि तिच्यावर मध्यापासून कडेपर्यंत एकच पांढरी रेघ. वर चोक असलेली जुनी ट्यूबलाइट. दुकानात इतरत्र एलईडी दिवे आहेत, पण या टेबलावर त्यांनी ही ट्यूब जपून ठेवली आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. चकती मिनिटाला १५०० फेरे फिरू लागली की प्रत्येक फेऱ्यात चार वेळा उजेड पडतो आणि एका रेघेऐवजी चार रेघांची स्थिर फुली दिसते. ३००० ला समोरासमोर दोन रेघा, म्हणजे एक सरळ व्यास. पेडल हळूहळू दाबत नेले की आधी ७५० ला आठ रेघा, मग चार, मग दोन, असा क्रम लागतो आणि गफलत होत नाही. विजेची वारंवारिता ५० च्या अगदी आसपास राखली जाते, त्यामुळे या साध्या साधनाची चूक मीटरच्या स्वतःच्या चुकीपेक्षा कितीतरी कमी आहे.

अर्थात हे फेरे केबलचे, इंजिनाचे नव्हेत. दोहोंचे गुणोत्तर प्रत्येक गाडीत वेगळे असते. ब्रिटिश गाड्यांच्या स्मिथ्स मीटरच्या डायलवर तर ते छापलेलेच असे. ते ठाऊक असल्याशिवाय मीटर जुळवता येत नाही. काकांच्या वहीत माझ्या गाडीचा आकडा होता, तरी त्यांनी मला घरी मोजून यायला सांगितले. मी दोन्ही प्लग काढले, केबलच्या वरच्या टोकाला कागदाचा छोटा झेंडा चिकटवला, इंजिन पान्याने हाताने वीस फेरे फिरवले आणि झेंड्याचे फेरे मोजले. आकडा वहीशी जुळला. मधल्या काळात कोणी इंजिनातला गिअर किंवा मीटर बदलला असेल तर वहीतला आकडा फसवू शकतो, म्हणून हा आग्रह. तो मला पूर्ण पटला.

बालकमानीचा ताण जुळवून, काटा त्याच्या खऱ्या विसाव्याच्या जागी बसवून त्यांनी तीन ठिकाणी मीटर तपासला आणि मगच रिंग दाबली. घरी आल्यावर प्लगच्या वायरभोवती तार गुंडाळायचा छोटा डिजिटल मीटर लावून मी स्वतंत्रपणे खात्री केली. (टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी पडते, हे त्या मीटरला सांगावे लागते. तो दोन फेऱ्यांना एक ठिणगी या मांडणीवर राहिला तर दुप्पट आकडा दाखवतो, आणि चांगल्या मीटरवर उगाच शंका येते.) डिजिटल मीटरवर २००० असताना काटा दोन हजारांच्या रेघेवर होता. ४००० ला तो रेघेच्या किंचित वर आणि ६००० ला साधारण शंभराने वर दाखवत होता. या प्रकारच्या मीटरकडून यापेक्षा अधिक अचूकतेची अपेक्षा ठेवू नये. त्यानंतर सिंहगड आणि कात्रज धरून सुमारे नऊशे किलोमीटर झाले आहेत. काटा स्थिर चढतो, स्थिर उतरतो, बंद केल्यावर शून्यावर येतो आणि काचेच्या आत धुके नाही.

खर्च एकूण १,८५० रुपये आला. त्यात सील, केबल आणि मजुरी आली. नव्या नकली मीटरच्या किमतीशी याची तुलना मी करणार नाही, कारण खालचे सील न बदलता नवा मीटर लावला असता तर तोही तेलाने भरला असता.

काही उणिवा आहेत आणि त्या जाण्यापूर्वी ठाऊक असाव्यात. चार दिवस सांगितलेल्या कामाला अकरा दिवस लागले, आणि या काळात दोनदा मी जाऊन रिकाम्या हाताने परतलो. फोनवर काम कुठवर आले हे सांगण्याची पद्धत नाही. छापील बिल मिळत नाही, मागितल्यावर वहीच्या पानावर लिहून दिले. डायलवरचे दोन पुसट झालेले आकडे त्यांनी हाताने भरले आहेत. जवळून पाहिले तर ते मूळ छपाईपेक्षा जाड दिसतात. मला ते चालले, पण प्रदर्शनासाठी गाडी जशीच्या तशी ठेवणाऱ्यांनी डायलला हात लावू नका असे आधीच स्पष्ट सांगावे. रिंगवरचे जुने पक्कडीचे दात पूर्णपणे गेलेले नाहीत, आणि ते जाणार नाहीत असे काकांनी कामापूर्वीच सांगितले होते.

दुकान दुपारी दीड ते चार बंद असते. नाना पेठेत त्या भागात गाडी लावायला जागा मिळणे कठीण, म्हणून सकाळी दुकान उघडताच जाणे उत्तम. मीटर सुटा नेऊ नका, गाडीच घेऊन जा. नेण्यापूर्वी घरी केबलचा वरचा नट सोडून इनर फिरते का, ती ओली आहे का कोरडी, एवढे पाहून ठेवा; काका पहिला प्रश्न तोच विचारतात. जमल्यास इंजिनाच्या वीस फेऱ्यांना केबलचे किती फेरे होतात तेही मोजून कागदावर लिहून न्या.

माझ्या स्पीडोमीटरचा काटाही आता चाळीसच्या खाली थोडा हलतो. पुढच्या आठवड्यात तो दाखवायला जाणार आहे. या वेळी पुढच्या चाकाजवळचे मीटर वर्म (स्पीडोमीटरची केबल फिरवणारा गिअर) आणि त्याचे वॉशर आधीच उघडून, पुसून ठेवले आहेत.